मराठी महाजालावरील वाटाडे : संकेतस्थळांचा शोध, त्यांची देवाणघेवाण आणि बीड जिल्ह्याचा इतिहास

प्रस्तावना

ग्रंथालयात ग्रंथ असणे आणि तो वाचकाच्या हाती पडणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाजालाच्या बाबतीत हा भेद अधिकच ठळक होतो. एखादे संकेतस्थळ अस्तित्वात असले तरी त्याचा पत्ता ठाऊक नसेल, किंवा कोणत्या शब्दाने शोध घ्यावा हे उमगत नसेल, तर त्या वाचकापुरते ते नसल्यासारखेच असते. मराठी भाषेत ही उणीव दीर्घकाळ माणसांनीच भरून काढली. उपयुक्त, मनोरंजक किंवा केवळ चमत्कारिक अशा संकेतस्थळांचे पत्ते एकमेकांना कळविणाऱ्या ह्या वाटाड्यांच्या परंपरेचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. बीड जिल्ह्याच्या इतिहासाची साधने शोधताना ह्या परंपरेची गरज का भासते, हा लेखाचा मुख्य विषय होय.

सूचीकारांचा काळ

महाजालाच्या आरंभीच्या काळात संकेतस्थळे शोधण्याचे प्रमुख साधन म्हणजे माणसांनी तयार केलेल्या सूची. १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग व डेव्हिड फिलो ह्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याला आवडलेल्या संकेतस्थळांची विषयवार यादी केली. तिलाच पुढे ‘याहू’ हे नाव मिळाले. १९९८ मध्ये सुरू झालेली ‘डीमॉझ’ ही सूची तर स्वयंसेवक संपादकांच्या श्रमांवरच उभी होती.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ अवतरले. परदेशी गेलेल्या मराठी माणसांना एकत्र आणणाऱ्या ह्या स्थळावर गप्पा, पाककृती आणि साहित्य ह्यांबरोबर माहितीचीही देवाणघेवाण होत असे. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी मात्र महाजालाची पहिली ओळख बहुधा सायबर कॅफेत किंवा संगणक प्रशिक्षण केंद्रात झाली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि त्याच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमामुळे ग्रामीण विद्यार्थी मोठ्या संख्येने संगणकापर्यंत पोहोचले. ह्या पिढीने संकेतस्थळांचे पत्ते वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतील सदरांतून टिपले, वहीत उतरविले व मित्रांना दिले. पत्ता रोमन लिपीत असल्याने एक अक्षर चुकले तरी पान उघडत नसे. देवनागरीतील ‘डॉट भारत’ हे क्षेत्रनाम २०१४ मध्ये उपलब्ध झाले, परंतु व्यवहारात रोमन पत्त्यांचेच प्राबल्य राहिले.

फाँटची भिंत

मराठी वाचकाला माणसाच्या शिफारशीवर अवलंबून राहावे लागण्यामागे एक तांत्रिक कारणही होते. युनिकोडपूर्वीच्या बहुतेक मराठी फाँटमध्ये देवनागरी अक्षरांच्या आकृती इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसविलेल्या असत. पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका असे. निरनिराळ्या वृत्तपत्रांचे व संस्थांचे फाँट वेगळे, त्यांची संकेतरचनाही वेगळी. तो विशिष्ट फाँट संगणकावर उतरवून घेतल्याशिवाय मजकूर वाचता येत नसे. साहजिकच शोधयंत्रात ‘बीड’ असा शब्द दिल्यावर ही पाने सापडण्याची शक्यता नव्हती. मराठीत लिहिलेला मजकूर मराठीतूनच शोधता येत नाही, अशी ही विचित्र अवस्था होती.

युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान होते. त्यासाठी ‘इस्की’ ह्या भारतीय प्रमाणकाचा आधार घेण्यात आला होता. तथापि सामान्य संगणकांवर हे प्रमाणक विंडोज २००० व विंडोज एक्सपी ह्या प्रणालींपासून हळूहळू रुळले. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. २००४ मध्ये ‘मनोगत’, २००७ मध्ये ‘उपक्रम’ आणि ‘मिसळपाव’ ही संकेतस्थळे आली. येथील सदस्य शब्दकोडी, प्रवासवर्णने व वादविवाद ह्यांबरोबर आपणांस सापडलेले दुवेही इतरांपुढे ठेवीत. शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’वर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश पाहावयास मिळतो. असा पत्ता शोधयंत्रापेक्षा भाषाप्रेमी मित्राकडूनच आधी कळण्याचा संभव अधिक होता.

बीडचा इतिहास : नावांचा व लिपींचा प्रश्न

युनिकोडमुळे फाँटची भिंत कोसळली, तरी बीडच्या अभ्यासकाची अडचण पूर्णपणे दूर झाली नाही. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. राजवटी बदलल्या तशी कागदपत्रांची भाषा व गावांची नावेही बदलली.

ह्याचे ठळक उदाहरण खुद्द जिल्ह्याच्या नावाचे आहे. ब्रिटिशकालीन ‘इंपीरियल गॅझेटियर’मध्ये बीडची नोंद ‘भीर’ ह्या नावाखाली आहे. महाराष्ट्र शासनाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जिल्हा गॅझेटियरचे इंग्रजी नावही ‘भीर’ असेच आहे. आज प्रचलित असलेल्या रोमन वर्णलेखनाने शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला हे दोन्ही मूलभूत ग्रंथ सहजी सापडत नाहीत. मुकुंदराज आणि दासोपंत ह्यांच्या समाधींमुळे प्रसिद्ध असलेले अंबाजोगाई निजामी अमदानीत ‘मोमिनाबाद’ म्हणून ओळखले जात होते आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. ह्या छावणीचा शोध ‘अंबाजोगाई’ ह्या शब्दाने घेतल्यास हाती फारसे लागत नाही. ‘मोमिनाबाद’ हा शब्द देताच जुने इंग्रजी ग्रंथ समोर येतात. १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशवे व निजाम ह्यांच्या सैन्यांत गोदाकाठच्या राक्षसभुवन येथे झालेल्या लढाईबाबतही, स्थळाचे इंग्रजी वर्णलेखन ग्रंथागणिक भिन्न असल्याने, अशीच दक्षता घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न लिपीचा आहे. हैदराबाद संस्थानचा कारभार आधी फार्सीत व नंतर उर्दूत चालला, तर मराठ्यांच्या दप्तरांत मोडी लिपी होती. मोडी व फार्सी-उर्दू ह्या दोन्ही लिप्या वाचणारे लोक आज विरळ आहेत. त्यामुळे एखादे जुने उर्दू पुस्तक महाजालावर उपलब्ध असले तरी, त्यात बीडविषयी काय आहे हे सांगणारा जाणकार भेटेपर्यंत ते मराठी वाचकासाठी बंदच राहते. दुव्यासोबत दोन ओळींची ओळख असणे का आवश्यक आहे, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे.

व्यवहारातील उपयुक्तता

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती व तीपैकी सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. दरवर्षी ऊसतोडणीसाठी जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे अनेक महिने परमुलखात असतात. अशा कुटुंबांना तलाठी कार्यालयात हेलपाटे न घालता सातबारा पाहता येणे, ही मोठी सोय होय. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संकेतस्थळावर मिळू लागला. बाजार समित्यांतील शेतमालाचे भाव कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. मात्र ही स्थळे गावात प्रथम कोणीतरी दाखवावी लागली. ते काम शिकलेल्या मुलांनी, २०११ पासून ‘संग्राम’ केंद्रांच्या चालकांनी आणि २०१६ नंतर ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी केले. स्वस्त मोबाइल इंटरनेटनंतर दुवे व्हॉट्सॲपवरून फिरू लागले. त्यांत शासकीय योजनांच्या नावाने फसवणूक करणारे दुवेही मिसळले. दुवा देणाऱ्याची विश्वासार्हता हा प्रश्न त्यामुळे अधिक गंभीर झाला.

नाहीशी होणारी स्थळे

संकेतस्थळांचा इतिहास हा त्यांच्या लोपाचाही इतिहास आहे. असंख्य हौशी लोकांची पाने ज्यावर होती ती ‘जिओसिटीज’ सेवा २००९ मध्ये बंद झाली. ‘ऑर्कुट’ २०१४ मध्ये आणि ‘डीमॉझ’ २०१७ मध्ये बंद झाले. हजारो जुनी भारतीय पुस्तके देणारी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ २०१७ मध्ये वाचकांना मिळेनाशी झाली. तीमधील अनेक ग्रंथांच्या प्रती ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर आधीच उतरविल्या गेल्या होत्या, म्हणून ते वाचले. शासकीय स्थळेही ह्याला अपवाद नाहीत. बीड जिल्हा प्रशासनाचा ‘एनआयसी’चा जुना पत्ता बदलून ‘गव्ह डॉट इन’ झाला. वहीत जुना पत्ता लिहून ठेवणाऱ्याला हा बदल कोण सांगणार? ‘इंटरनेट आर्काइव्ह’चे २००१ मध्ये खुले झालेले ‘वेबॅक मशीन’ जुनी पाने दाखविते, पण त्यासाठीही तो जुना पत्ता कोणीतरी जपून ठेवलेला असावा लागतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, मराठी महाजालावर वाटाड्याची गरज प्रत्येक टप्प्यावर राहिली. तिचे कारण तेवढे बदलत गेले. प्रथम सूची अपुऱ्या होत्या, मग फाँट आडवे आले, आणि आज माहितीचा पूर व खोटे दुवे ही अडचण आहे. बीडसारख्या जिल्ह्यात तीत जुन्या नावांची व अपरिचित लिपींची भर पडते. ही उणीव जिल्ह्यातील महाविद्यालयांची ग्रंथालये अल्प खर्चात भरून काढू शकतील. जिल्ह्याविषयीच्या संकेतस्थळांची मराठी सूची करावी. प्रत्येक नोंदीत गावाची जुनी-नवी नावे, साधनाची भाषा व लिपी, दोन ओळींचा परिचय आणि पत्ता तपासल्याचा दिनांक द्यावा. दरवर्षी ती सूची पुन्हा तपासून तिची छापील प्रतही ग्रंथालयात ठेवावी. इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून देता येईल. ‘भीर’ आणि ‘मोमिनाबाद’ ही नावे ठाऊक असलेली पिढी आज वृद्ध होत आहे. तिच्या ज्ञानाची नोंद वेळीच झाली नाही, तर महाजालावर असलेली साधनेही पुढील अभ्यासकांना सापडणार नाहीत.