मोटारीची परीक्षा

आमच्या तलासरीवरून हमरस्त्याने मोटारी सुसाट जातात. १९०८ साली मात्र मुंबई-कोल्हापूर शर्यतीत सहा घाट मोटारींचे परीक्षक होते. सुमारे ६२० मैलांची ही शर्यत रोल्स-रॉइसच्या ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ने जिंकली. पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली.

त्याआधी, १९०७ साली, याच कंपनीची ‘सिल्व्हर घोस्ट’ विलायतेतील चाचणीत ६२९ मैलांवर बंद पडली. इंजिन ठणठणीत होते; धक्क्यांनी पेट्रोलचा कॉकच मिटला होता! मिस्त्री आधी पेट्रोल येते का पाहतो, ते उगाच नाही. नंतरचे १४,३७१ मैल ती अडली नाही. तरीही रॉयल ऑटोमोबाइल क्लबने ती सुटी करून झीज तपासली. रजवाड्यांची गाडी म्हणून गुण वाढवून दिले नाहीत, हे मला विशेष वाटते. दुरुस्तीच्या भागांचा खर्च निघाला दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स.