घरी मृत्यू झाला, जवान सीमेवर आहे. तातडीची सुट्टी मिळते कशी?

घरात कुणी गेलं की तासाभरात सगळ्या पाहुण्यांना फोन जातात. मुलगा पुण्या-मुंबईत असेल तर तो कधी पोहोचेल याचा अंदाज लगेच येतो. पण तो तवांगला किंवा सियाचीनच्या वरच्या चौकीवर असेल, तर अंत्यविधीसाठी थांबायचं की नाही हे ठरवणंच अवघड होऊन बसतं.

पूर्वी हे काम तार करायची. सुट्टीसाठी मुद्दाम पाठवलेल्या खोट्या ताराही असायच्या, म्हणून साहेब लोक तार आली तरी खातरजमा करून घ्यायचे. जुलै २०१३ मध्ये तार सेवा बंद झाली आणि मोबाइल आला, पण खातरजमा राहिलीच. अमेरिकेत मृत्यूची खात्री करून सैनिकाच्या अधिकाऱ्यापर्यंत निरोप नेण्याचं काम रेडक्रॉस करते. आपल्याकडे अशी मधली संस्था नाही, सगळं युनिट आणि घर यांच्यातच चालतं.

फोन कुणाला करायचा?

बहुतेक घरांतून पहिला फोन थेट जवानालाच जातो. त्यात गैर काही नाही, पण सुट्टी देणारा तो नसतो. सुट्टी मंजूर करतो युनिटचा कमांडिंग ऑफिसर. त्यामुळे बातमी कंपनी कमांडर, सुभेदार साहेब किंवा युनिटच्या कार्यालयापर्यंत पोहोचणं जास्त महत्त्वाचं. त्याचा एक फायदाही आहे. ऐन ड्युटीवर, हातात हत्यार असताना, एकटं असताना बातमी कळण्यापेक्षा ती वरिष्ठाने जवळ बसवून सांगितलेली बरी.

अडचण अशी की अनेक घरांकडे जवानाचा पत्ता म्हणून फक्त 'मार्फत ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' एवढंच असतं. ही सैन्याची टपाल व्यवस्था. तुकडी कुठे आहे हे बाहेर कळू नये म्हणून पत्त्यात गावाचं नावच नसतं. पत्र बरोबर पोहोचतं, पण त्या पत्त्यावर फोन लावता येत नाही. म्हणून युनिटचा फोन नंबर, जवानाचा आर्मी नंबर, हुद्दा आणि कंपनी हे घरात लिहून ठेवलेलं असावं लागतं. फोनवर हे सगळं सांगून कोण वारलं, कधी वारलं आणि गावात कुणाशी बोलून खात्री करता येईल, हेही सांगावं.

नंबरच नसेल तर? त्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस हा एक मार्ग. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला. दुसरा मार्ग म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. आणि सगळ्यात जलद मार्ग अनेकदा गावातच सापडतो, त्याच पलटणीतून निवृत्त झालेला कुणीतरी. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर असा माणूस शोधावा लागत नाही.

मृत्यूच्या दाखल्यासाठी थांबून राहू नये. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते आणि दाखला नंतरही देता येतो. निरोप मात्र लगेच गेला पाहिजे.

सुट्टी किती आणि कुठली?

सैन्यात जवानांना वर्षाला साधारण ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ रजा मिळते. घरच्या मृत्यूनंतरची सुट्टी बहुधा यातूनच जाते. कुठली रजा शिल्लक आहे यावर दिवस ठरतात, कारण सर्वसाधारणपणे या दोन रजा एकमेकींना जोडता येत नाहीत. आई-वडील, पत्नी, मुलं यांच्या बाबतीत फारसा प्रश्न येत नाही. पण ज्या चुलत्याने वाढवलं तो गेला तर? कागदावर तो लांबचा नातेवाईक असतो. तिथे खरी परिस्थिती अधिकाऱ्याला नीट सांगावी लागते.

एक गोष्ट कटू आहे: रजा हा हक्क मानला जात नाही. मोहीम सुरू असेल तर ती नाकारली जाऊ शकते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सुट्टीवर आलेल्या जवानांनाही परत बोलावलं गेलं होतं.

मंजुरी मिळाली तरी रस्ता उरतोच. उंच चौकीवरून खाली येणं हेलिकॉप्टर आणि हवामानावर अवलंबून असतं. पुढे रेल्वेचं आरक्षण नसेल तर मोठ्या स्टेशनांवरचं एमसीओ म्हणजे मुव्हमेंट कंट्रोल ऑफिस मदत करतं. सीआरपीएफ, बीएसएफसारखी दलं गृह मंत्रालयाखाली येतात, त्यांचे रजेचे नियम वेगळे. पुलवामा हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांच्या जवानांना दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर मार्गांवर विमानप्रवासाची परवानगी मिळाली, ती सुट्टीच्या प्रवासालाही लागू आहे.

म्हणूनच अनेक कुटुंबं अंत्यविधी उरकून घेतात आणि मुलगा दहाव्याला, तेराव्याला पोहोचतो. दफन लवकर करायचं असतं अशा मुस्लिम घरांत तर थांबायला वेळ त्याहून कमी. युनिटकडून 'कधी निघतोय' हे स्पष्ट विचारून घेतलं, तर घरच्यांना निर्णय घेणं थोडं सोपं जातं.

स्टेटस टाकण्याआधी

भावपूर्ण श्रद्धांजलीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पडायला पाच मिनिटं लागतात. जवानाला ही बातमी चुलतभावाच्या स्टेटसवरून कळू नये, एवढं तरी घरातल्यांनी पाहावं. तसंच 'माझ्या भावाला सुट्टी मिळवून द्या' अशा पोस्टमध्ये त्याचं युनिट, चौकी, फोटो टाकणं धोक्याचं आहे. भावाला सुट्टी त्याने मिळत नाही, माहिती मात्र नको त्या हातात जाते.

सुट्टी वाढवायची असेल तर मुदत संपण्याआधी युनिटला कळवून मंजुरी घ्यावी लागते. दुःख कितीही मोठं असलं तरी पुरेशा कारणाशिवाय रजेपेक्षा जास्त दिवस राहणं हा आर्मी अ‍ॅक्ट, १९५० च्या कलम ३९ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आई आजारी पडली, जमिनीची वाटणी अडकली, काहीही असो, फोन त्याच दिवशी करायचा आणि ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांचं नाव लिहून ठेवायचं.