खून कोणी केला? लहान गावातली रहस्यकथा आणि मागे राहिलेलं घर

धाराशिव : खुनाच्या रहस्य कादंबऱ्या आपल्याकडं एसटी स्टँडवरच्या स्टॉलपासून गावच्या वाचनालयापर्यंत वाचल्या जातात. त्यातला एक प्रकार म्हणजे लहान गावातल्या खुनाची गोष्ट. त्यात खुनी कोण हे तर शोधायचंच असतं, पण ज्या घरातला माणूस गेला त्या घराचं पुढं काय झालं, हेही सांगितलेलं असतं.

मराठीतली परंपरा

बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड घरोघरी माहीत होते. पुढं गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांनी वाचक मिळवला. ‘दुनियादारी’ लिहिणारे शिरवळकर ते हेच. या कथांत बहुतेक वेळा डिटेक्टिव्ह हाच हिरो. मयताचे आई-बाप पहिल्या प्रकरणात रडतात, नंतर दिसत नाहीत.

गाव लहान असलं की गणित बदलतं

शहरात खुनी अनोळखी असू शकतो. गावात तो भावकीतला, शेजारचा, मयतीला खांदा दिलेलाही निघू शकतो. त्यामुळं संशय पाण्याच्या टाकीपासून पारापर्यंत सगळीकडं फिरतो. ब्रिटनची ‘ब्रॉडचर्च’ ही २०१३ ची मालिका अशीच आहे. समुद्रकाठच्या छोट्या गावात एका शाळकरी मुलाचा खून होतो. तपास चालू असताना त्याचं घर आणि अख्खं गाव कसं उसवत जातं, ते त्यात दिसतं. या मालिकेवर पुढं कादंबरीही निघाली.

मानवत : मराठवाड्यातलं खरं प्रकरण

आपल्या भागात अशी गोष्ट खरोखर घडली. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास परभणी जिल्ह्यातल्या मानवतला एकामागून एक खून झाले. मयतांत बाया आणि लहान मुली होत्या. गुप्तधन आणि नरबळीच्या अंधश्रद्धेतून हे घडल्याचं तपासात पुढं आलं. तपासासाठी मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी आले. या प्रकरणावर अमोल पालेकर यांनी १९८१ मध्ये ‘आक्रीत’ चित्रपट केला, लेखन विजय तेंडुलकरांचं. कुलकर्णी यांच्या पुस्तकावर २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही वेबमालिका आली. अशा प्रकारांविरुद्ध राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यात सहा महिने ते सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

कादंबरीत असतं, तसं खऱ्यात नसतं

कादंबरीत शेवटच्या पानावर सगळं मिटतं. खऱ्या प्रकरणात तिथून कोर्टाच्या तारखा सुरू होतात. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

– १ जुलै २०२४ पासून खुनाचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली नोंदवला जातो. पूर्वीचं कलम ३०२ होतं.
– फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते.
– तपास कुठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडित कुटुंबाला कळवायचं असतं.
– पीडित कुटुंबाला भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करता येतो.

व्हॉट्सॲपवरचा डिटेक्टिव्ह

गावात काही घडलं की ग्रुपवर तासाभरात ‘खुनी’ ठरतो. फोटो फिरतात, नावं जोडली जातात. पोरगं गेलेल्या आईला ते मेसेज कुणीतरी दाखवतंच. आणि उद्या तो माणूस निर्दोष निघाला तरी त्याच्या लेकरांना शाळेत ऐकावं लागतं ते लागतंच. चांगली रहस्य कादंबरी आधी चार निरपराधांवर संशय घ्यायला लावते आणि मग वाचकाला चूक दाखवते. पुस्तकात ती चूक कुणाला महाग पडत नाही. गावात पडते.