गणेशखिंडीतला महाल आणि इंदापूरचा शेतसारा

१/ पुणे विद्यापीठाची मनोरा असलेली मुख्य इमारत मुळात विद्येसाठी उभारलेली नव्हती. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यास येई, त्याच्यासाठी बांधलेला तो महाल होता. त्याची कथा इंदापूर-बारामतीच्या कोरडवाहू शेतांपर्यंत पोहोचते.

२/ १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाचे भाव कडाडले. शहरात पैशाचा पूर आला.

३/ याच तेजीत, १८६४ साली, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी दापोडीच्या जुन्या निवासस्थानाऐवजी गणेशखिंडीत नवा महाल बांधावयास घेतला. आराखडा जेम्स ट्रुबशॉ यांचा, शैली इटालियन वळणाची.

४/ १८६५ मध्ये युद्ध संपले. कापूस कोसळला, मुंबईतील बँका आणि कंपन्या बुडाल्या. महालाचे काम मात्र चालूच राहिले. ते १८७१ मध्ये पुरे झाले, तेव्हा फ्रिअर इलाखा सोडून गेले होते. खर्च अंदाजापलीकडे गेल्यामुळे ब्रिटिश संसदेतही टीका झाली.

५/ आता इंदापूर. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची तीस वर्षांची सारापद्धती येथे १८३६ मध्ये लागू झाली होती. मुदत संपताच १८६७ मध्ये नवे दर आले, ते बरेच चढे. त्यामागे तेजीच्या काळातील धान्याच्या भावांचा आधार होता.

६/ पुढे भाव उतरले, सारा उतरला नाही. तो रोखीनेच भरावयाचा. तेजीत सढळ हाताने कर्ज देणाऱ्या सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुन्या कर्जाच्या वसुलीसाठी कोर्टाची वाट धरली.

७/ १२ मे १८७५. तेव्हा भीमथडी तालुक्यात आणि आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. रोख्यांची आणि खतावण्यांची होळी झाली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला.

८/ महालामुळे दंगा झाला, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण तेजी एकच होती. सरकारी उधळपट्टीतून दगडी वास्तू उभी राहिली. शेतकऱ्याच्या वाट्याला रोखा आला.

९/ २२ जून १८९७ च्या रात्री याच महालातील राणीच्या हीरक महोत्सवी समारंभातून परतताना रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली.

१०/ १९४९ मध्ये येथे विद्यापीठ आले; बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. आज बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांतील मुलामुलींना पदवी मिळते, ती याच विद्यापीठाची. ज्या शिवारांवर सारा चढला, तेथलीच लेकरे आता त्या दारातून आत जातात.