इवल्याशा 'इट'ची जागा

'टर्न ऑफ द लाइट' चालते, 'टर्न द लाइट ऑफ'ही चालते. पण दिव्याच्या जागी 'इट' आले की 'टर्न इट ऑफ' एवढेच. 'टर्न ऑफ इट' लिहिले की गुण गेले! उलट 'लुक आफ्टर हिम'मध्ये 'हिम' निमूट शेवटी बसते. ही लहर नव्हे. 'ऑफ' तिथे क्रियापदाचेच अंग आहे आणि बोलताना जोर त्याच्यावर येतो. 'इट' बिनजोराचे, म्हणून ते आत सरकते. 'आफ्टर' मात्र 'हिम'ला धरून राहणारे.

जुन्या इंग्रजीत असे शब्द पुष्कळदा उपसर्ग होऊन क्रियापदाच्या पुढ्यात लागत. 'फर्गिव्ह', 'अंडरस्टँड' ही त्यांची उरलेली खूण. पुढे उपसर्ग झिजले, शब्द मागे गेले. ११५४पर्यंतच्या नोंदी असलेल्या पीटरबरो बखरीत 'गिव्ह अप'चे जुने रूप भेटते. नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत 'सरेंडर'सारखे फ्रेंच शब्द आले, पण बोलीने 'गिव्ह अप' सोडले नाही.

परकीयांना सर्वांत जड जाते ते हेच, अशी कबुली खुद्द डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५च्या कोशाच्या प्रस्तावनेत दिली आणि अशी जोडपी कसोशीने टिपली. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५च्या पुस्तकात वापरले. ते सुचवल्याचे श्रेय त्यांनी कोशकार हेन्री ब्रॅडली यांना दिले.

आपल्याकडे हे काम 'देणे', 'टाकणे' करतात: सोडून देणे, खाऊन टाकणे. मराठी शिकणाऱ्या इंग्रजाला तेही तितकेच छळतात.