पूर्वकथेचा दिग्दर्शक कोण? चाहत्यांच्या एका चर्चेचा कामगार कायद्यापर्यंतचा प्रवास

१/१५
२५ ऑक्टोबर २०१०. न्यूझीलंडमध्ये कामगार दिनाची सार्वजनिक सुट्टी होती. त्या दिवशी वेलिंग्टनसह अनेक शहरांत लोक फलक घेऊन जमले. 'द हॉबिट' हा चित्रपट देशाबाहेर जाऊ देऊ नका, ही त्यांची मागणी होती. कामगार दिनी भरलेल्या या सभांतील अनेकांचा रोष एका कामगार संघटनेवर होता. त्यानंतर अवघ्या चार दिवसांत तेथील संसदेने कामगार कायदा बदलला. एका चित्रपटाविषयीची चाहत्यांची चर्चा इथवर कशी पोहोचली, ते या धाग्यात पाहू.

२/१५
जे. आर. आर. टोल्किन यांची 'द हॉबिट' ही कादंबरी १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये. पडद्यावर हा क्रम उलटला. पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ या काळात दुसऱ्या ग्रंथावरचे तीन चित्रपट आधी आणले आणि त्यातील शेवटच्या चित्रपटाने ११ ऑस्कर पटकावले. त्यामुळे आधी लिहिलेली कथा प्रेक्षकांसाठी 'पूर्वकथा' ठरली. गँडाल्फ म्हणजे इयान मॅकेलन आणि गोलम म्हणजे अँडी सर्किस, हे समीकरण तोवर मनात पक्के झाले होते. नव्या चित्रपटाची प्रत्येक बातमी याच मोजपट्टीवर तपासली जाणार होती.

३/१५
मग पुढचा चित्रपट लगेच का आला नाही? याचे उत्तर जुन्या करारांत आहे. टोल्किन यांनी १९६९ मध्ये चित्रपटाचे हक्क युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीला विकले. १९७६ मध्ये ते निर्माते सॉल झेन्ट्झ यांच्याकडे गेले. परंतु 'द हॉबिट'च्या वितरणाचा हक्क युनायटेड आर्टिस्ट्सकडेच राहिला आणि पुढे एमजीएम स्टुडिओच्या हाती आला. म्हणजे निर्मितीचा अधिकार एकाकडे, वितरणाचा दुसऱ्याकडे. दोघांचे एकमत झाल्याशिवाय कॅमेरा हलणे शक्य नव्हते.

४/१५
त्यात भर पडली ती पैशांच्या वादाची. पहिल्या चित्रपटाच्या उत्पन्नाचा हिशेब नीट दिला गेला नाही, असा आरोप करत जॅक्सन यांनी २००५ मध्ये न्यू लाइन सिनेमावर दावा दाखल केला. नोव्हेंबर २००६ मध्ये जॅक्सन आणि त्यांच्या सहलेखिका फ्रॅन वॉल्श यांनी एक पत्र प्रसिद्ध केले. न्यू लाइन हा चित्रपट आपल्याविना करणार असल्याचे आपल्याला कळवण्यात आले आहे, असे त्यात म्हटले होते. चाहत्यांवर जणू वीज कोसळली.

५/१५
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. हे पत्र एखाद्या मोठ्या वृत्तपत्राकडे गेले नाही. ते 'द वन रिंग डॉट नेट' या चाहत्यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या संकेतस्थळावर आले. दिग्दर्शकाने स्टुडिओशी असलेला आपला वाद थेट प्रेक्षकांपुढे मांडला होता. चाहता आता तिकीट काढणारा केवळ ग्राहक उरला नव्हता; वादात त्याचे मत मोलाचे आहे, असे स्वतः निर्मातेच मानू लागले होते.

६/१५
डिसेंबर २००७ मध्ये समेट झाला. जॅक्सन कार्यकारी निर्माते होणार, हे ठरले. दिग्दर्शकाची जागा मात्र रिकामी होती. एप्रिल २००८ मध्ये मेक्सिकोचे गिलेर्मो देल तोरो यांचे नाव जाहीर झाले आणि चाहत्यांत दोन तट पडले. 'पॅन्स लॅबिरिंथ' (२००६) या चित्रपटातील त्यांची काळोखी, भयप्रद कल्पनासृष्टी अनेकांना भुरळ घालत होती. तीच सृष्टी मुलांसाठी लिहिलेल्या एका खेळकर प्रवासकथेला पेलवेल का, असा प्रश्न इतरांना पडला होता.

७/१५
२४ मे २००८ रोजी जॅक्सन आणि देल तोरो यांनी चाहत्यांशी थेट आंतरजालीय संवाद साधला. देल तोरो तर चाहत्यांच्या चर्चापीठावर स्वतः लिहीत असत. सर्वांत मोठे कोडे होते बिल्बो बॅगिन्सच्या भूमिकेचे. वृद्ध बिल्बो इयान होम यांनी रंगवला होता, पण ही कथा त्याआधी सुमारे ६० वर्षे घडते. म्हणजे नवा चेहरा हवा, आणि तरीही तो होम यांच्याच बिल्बोचे पूर्वरूप वाटायला हवा. पुढची दोन वर्षे नवनव्या नावांच्या वावड्या उठत राहिल्या.

८/१५
दरम्यान एमजीएम कर्जात बुडत चालली होती. पटकथा लिहिली जात होती, राक्षसांची आणि बौनांची चित्रे तयार होत होती; चित्रीकरणाला अंतिम मंजुरी मात्र मिळत नव्हती. अखेर ३० मे २०१० रोजी देल तोरो यांनी माघार घेतली. ही बातमीही प्रथम त्याच चाहत्यांच्या संकेतस्थळावर झळकली. पटकथालेखक म्हणून त्यांचे नाव कायम राहिले. 'आता जॅक्सनच हवेत' हा सूर चाहत्यांत प्रबळ झाला.

९/१५
याच अस्वस्थ काळात दुसरा वाद पेटला. न्यूझीलंडमधील कलाकारांची संघटना ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या कामगार संघटनेशी संलग्न होती. मानधन आणि कामाच्या अटी सामूहिक वाटाघाटींतून ठराव्यात, अशी तिची मागणी होती. निर्मात्यांनी ती नाकारली. सप्टेंबर २०१० मध्ये कलाकारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने सभासदांना हा चित्रपट न स्वीकारण्याचा सल्ला दिला आणि अमेरिकेतील संघटनांनीही साथ दिली. जॅक्सन यांनी ऑस्ट्रेलियन संघटनेवर जाहीरपणे कडाडून टीका केली.

१०/१५
या वादाच्या मुळाशी एक जुना निकाल होता. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठी प्रतिकृती घडवणाऱ्या एका कारागिराने प्रश्न उपस्थित केला होता: आपण कंत्राटदार की कर्मचारी? कर्मचारी ठरल्यास रजा, अन्याय्य बडतर्फीविरुद्ध दाद आणि सामूहिक वाटाघाटी हे हक्क मिळतात. कंत्राटदाराला ते नसतात. कागदावर काहीही लिहिलेले असो, कामाचे खरे स्वरूप पाहिले पाहिजे, या तत्त्वानुसार तो कर्मचारीच असल्याचा निष्कर्ष २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. चित्रपट कंपन्यांना हा निकाल खुपत होता.

११/१५
ऑक्टोबर २०१० मध्ये घटना झपाट्याने घडल्या. महिन्याच्या मध्यास चित्रपटाला अंतिम मंजुरी मिळाली आणि दिग्दर्शक म्हणून जॅक्सन निश्चित झाले. पाठोपाठ भूमिका जाहीर झाल्या: बिल्बो मार्टिन फ्रीमन, थोरिन रिचर्ड आर्मिटेज. चाहत्यांचा आनंद गगनात मावेना. त्याच आठवड्यात चित्रीकरण परदेशी नेण्याच्या शक्यतेच्या चर्चेने जोर धरला. वेलिंग्टनच्या रस्त्यांवर शेकडो तंत्रज्ञ उतरले. त्यांना रोजगार जाण्याची धास्ती होती. कलाकारांना आपली बैठक रद्द करावी लागली आणि बहिष्कारही मागे घेतला गेला.

१२/१५
तरीही २५ ऑक्टोबरच्या सभा झाल्या. न्यूझीलंडचा कामगार दिन ज्या परंपरेची आठवण करून देतो, तिचा आरंभ सॅम्युअल पार्नेल या सुताराशी जोडला जातो. दिवसाला आठ तासांहून अधिक काम करणार नाही, ही अट त्याने १८४० मध्ये वेलिंग्टन परिसरात काम स्वीकारतानाच घातली होती. अटी घालणाऱ्या कामगाराच्या स्मृतिदिनी, अटी मागणाऱ्या कलाकारांविरुद्ध घोषणा दिल्या गेल्या. जमलेल्यांत अनेकजण मनापासून कथेवर आणि देशावर प्रेम करणारे होते. म्हणूनच हा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा ठरतो.

१३/१५
त्याच सुमारास वॉर्नर ब्रदर्सचे अधिकारी वेलिंग्टनला आले. न्यू लाइन २००८ मध्ये याच कंपनीत विलीन झाली होती. २७ ऑक्टोबर रोजी पंतप्रधान जॉन की यांनी समझोता जाहीर केला. स्टुडिओला प्रत्येक चित्रपटामागे ७५ लाख अमेरिकी डॉलरपर्यंत वाढीव सवलत मिळणार होती. शिवाय कायदा बदलणार होता. २९ ऑक्टोबर रोजी तातडीच्या प्रक्रियेने, ६६ विरुद्ध ५० मतांनी विधेयक मंजूर झाले. कर्मचारी असल्याचा लेखी करार नसेल, तर चित्रपटनिर्मितीत काम करणारा यापुढे कंत्राटदारच मानला जाणार होता. लोकांनी त्याचे नाव ठेवले, 'हॉबिट कायदा'.

१४/१५
डिसेंबर २०१० मध्ये एक ईमेल उघड झाला. जॅक्सन यांनी तो १८ ऑक्टोबर रोजी, म्हणजे सभांच्या आठवडाभर आधी, सरकारला पाठवला होता. बहिष्काराचा आणि चित्रीकरणाच्या स्थळाच्या निवडीचा संबंध नाही, स्टुडिओला हवी आहे ती रोजगारविषयक नियमांची स्थिरता, असा त्याचा आशय होता. सभांना जमलेल्या बहुतेकांना मात्र बहिष्कारामुळेच चित्रपट हातचा जाणार, असे वाटत होते. आपल्या आवडीच्या दिग्दर्शकासाठी आणि बिल्बोसाठी वर्षानुवर्षे साठलेली त्यांची आतुरता अशा वाटाघाटींत वजन म्हणून वापरली गेली, ज्यांच्या टेबलाशी त्यांना जागाच नव्हती.

१५/१५
डिसेंबर २०१२ मध्ये पहिला भाग प्रदर्शित झाला आणि त्याने जगभरात १०० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. फ्रीमन यांचा बिल्बो चाहत्यांना आवडला. दोनाचे तीन चित्रपट केल्याबद्दल कुरबुरही झाली. चित्रपट-कामगारांच्या प्रश्नाला मात्र १२ वर्षे थांबावे लागले. २०२२ च्या नव्या कायद्याने त्यांना सामूहिक वाटाघाटींचा हक्क दिला, पण कंत्राटदार हा दर्जा कायम राहिला. ऑक्टोबर २०१० ची वृत्तपत्रे आणि चाहत्यांच्या चर्चा आजही वाचता येतात. बिल्बोच्या निवडीचा जल्लोष आणि कायदा मंजूर झाल्याची बातमी यांत जेमतेम आठवड्याचे अंतर आहे. पुढच्या वेळी एखाद्या पूर्वकथेच्या दिग्दर्शकाची घोषणा होईल, तेव्हा ती कोणत्या देशात, कोणत्या अटींवर चित्रित होणार आहे, तेही जरूर वाचावे.