एका म्यानात तीन तलवारी: लेकर्स, १९६८ ते १९७२

मागच्या आठवड्यात मित्रांमध्ये एक जुनाच वाद पुन्हा पेटला. बास्केटबॉलमध्ये तीन मोठे स्टार एका टीममध्ये घेतले तर ते जमतं का? एक म्हणाला, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तिथे तीन कुठून राहणार? दुसरा म्हणाला, पैसे असतील तर घ्या सगळे, बाकी आपोआप होतं. मला दोघांचंही पटलं नाही. म्हणून आज ज्या टीमवर हा प्रयोग खऱ्या अर्थाने पहिल्यांदा गाजला, तिची गोष्ट सांगतो. लॉस एंजेलिस लेकर्स.

जुलै १९६८. लेकर्सकडे आधीच दोन दिग्गज आहेत. एल्जिन बेलर आणि जेरी वेस्ट. बेलरने १९६२च्या फायनलमध्ये एका सामन्यात ६१ पॉइंट केले होते, आणि फायनलमधला तो विक्रम आजही टिकून आहे. वेस्ट म्हणजे त्या काळातला सगळ्यात भरवशाचा गार्ड. पण दोघांच्या नशिबात एकच गोष्ट पुन्हापुन्हा येत होती: फायनलला जायचं आणि बोस्टनकडून हरायचं. म्हणून मालक जॅक केंट कुकने फिलाडेल्फियाला तीन खेळाडू देऊन विल्ट चेंबरलेनला आणलं. हा तोच विल्ट, ज्याने १९६१-६२ च्या सीझनमध्ये सरासरी ५०.४ पॉइंट केले होते आणि एका सामन्यात १००.

कागदावर विषय संपला होता. बेलर, वेस्ट, विल्ट. आता कोण हरवणार?

पण कोर्ट कागदावर नसतं. विल्टची आवडती जागा बास्केटच्या अगदी जवळ, तिथे पाठ करून उभं राहायचं आणि बॉल मागायचा. आणि बेलरचा खेळ काय? बॉल घेऊन त्याच जागेत घुसायचं. आता तिथे सात फुटांहून उंच विल्ट उभा, त्याला धरून उभा असलेला प्रतिस्पर्धी सेंटर, आणि मध्ये बेलरला वाट शोधायचीय. त्यात आणखी एक गोष्ट आपण आज विसरतो. तेव्हा एनबीएमध्ये थ्री-पॉइंट लाइनच नव्हती, ती १९७९ मध्ये आली. म्हणजे लांबून शूट करायचं बक्षीस नाही, त्यामुळे बचाव करणाऱ्यांना बाहेर यायची गरज नाही. सगळी गर्दी आत. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन प्रोसेस एकाच लॉकसाठी थांबल्या होत्या. प्रत्येक प्रोसेस आपापली उत्तमच लिहिलेली, पण सिस्टिम अडकलेली.

कोच होता बुच व्हॅन ब्रेडा कोल्फ, प्रिन्स्टन विद्यापीठातून आलेला. त्याला सतत हालचाल आणि पासिंगचा खेळ हवा होता. तो विल्टला म्हणाला, तू वर ये, फ्री थ्रो लाइनपाशी उभा राहा, आतली जागा मोकळी कर. तांत्रिकदृष्ट्या कोच बरोबर होता असं मला वाटतं. पण विल्टने ते मनापासून कधी स्वीकारलं नाही, आणि दोघांचं उभं वैर झालं. गंमत म्हणजे विल्टला खेळ बदलता येत नव्हता असंही नाही. दोनच वर्षांपूर्वी, १९६६-६७ मध्ये, त्याने फिलाडेल्फियात शूटिंग कमी करून पासिंग वाढवलं होतं आणि टीम जिंकली होती. म्हणजे प्रश्न जमण्याचा नव्हता. कोण कोणासाठी बदलणार, आणि सांगणाऱ्याचं ऐकणार का, हा होता.

तरी टीमने ५५ सामने जिंकले आणि फायनल गाठली. समोर पुन्हा बोस्टन, तेही म्हातारं झालेलं, आपल्या विभागात चौथं आलेलं. पाच मे १९६९, सातवा सामना, लेकर्सचं घरचं मैदान. कुकने विजयाच्या खात्रीने छताला जाळीत फुगे बांधून ठेवले होते. शेवटच्या क्वार्टरमध्ये मोठी पिछाडी भरून काढत असताना विल्टचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर आला. थोड्या वेळाने तो म्हणाला, मला परत घ्या. कोचने घेतलं नाही. बोस्टन १०८, लेकर्स १०६. फुगे तिथेच राहिले. त्या सामन्यात वेस्टने ४२ पॉइंट केले आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हरलेल्या टीममधून हा मान मिळालेला तो आजवरचा एकमेव खेळाडू.

इथे गोष्ट संपवली तर मित्राची म्यानाची म्हण खरी ठरते. पण पुढे ऐका.

नंतरची दोन वर्षं दुखापतींची. आधी विल्टचा गुडघा, मग बेलरची टाच. १९७१ मध्ये नवा कोच आला, बिल शार्मन. स्वतः बोस्टनचा माजी खेळाडू. त्याला वेगाने पळणारी टीम हवी होती. त्याने विल्टला सांगितलं, तू बचाव कर, रीबाउंड घे, आणि बॉल लगेच पुढे फेक. पॉइंट इतर करतील. आणि या वेळी विल्टने ऐकलं. पहिल्या सात सीझनमध्ये दरवर्षी लीगमध्ये सर्वाधिक पॉइंट करणारा हा माणूस १९७१-७२ मध्ये सरासरी १४.८ पॉइंटवर आला. रीबाउंडमध्ये मात्र पहिलाच, १९.२.

मग शार्मनने बेलरला सांगितलं, तू आता बेंचवरून ये, तुझ्या जागी तरुण जिम मॅकमिलियन सुरुवात करेल. बेलर ३७ वर्षांचा होता, पाय साथ देत नव्हते. त्याने दुय्यम भूमिकेपेक्षा निवृत्ती पत्करली. सीझनचे फक्त नऊ सामने खेळून. त्याच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सामन्यात, पाच नोव्हेंबर १९७१ ला, लेकर्स जिंकले. मग पुन्हा जिंकले. मग हरलेच नाहीत, सलग ३३ सामने. तो विक्रम आजही एनबीएमध्ये मोडलेला नाही. सीझन संपला ६९-१३ वर, आणि फायनलमध्ये न्यूयॉर्कला ४-१ ने हरवून लॉस एंजेलिसमधलं पहिलं विजेतेपद आलं.

आता यावरून "बेलर गेला म्हणून जिंकले" असा सोपा निष्कर्ष काढू नका. त्या टीममध्ये स्टार कमी नव्हतेच. गेल गुडरिच २५.९ पॉइंट करत होता, वेस्ट २५.८, शिवाय लीगमध्ये सर्वाधिक असिस्ट वेस्टचे. विल्ट होताच. म्हणजे तीन तलवारी राहिल्या की म्यानात! कारण तिघांना कोर्टचा वेगवेगळा तुकडा हवा होता. विल्ट रीबाउंड घेऊन पास करायचा, तोवर गार्ड पळत सुटलेले असायचे. कोणी कोणाच्या वाटेत नाही.

चाळीस वर्षांनी मायामीत जवळपास हेच दिसलं. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश एकत्र आले आणि पहिल्या १७ पैकी ८ सामने हरले. त्या सीझनच्या फायनलमध्ये डॅलसकडून हरले. मग बॉश सेंटर झाला, बास्केटपासून दूर सरकून बाहेरून शूट करू लागला, आतली जागा लेब्रॉन आणि वेडला मोकळी झाली. टोरांटोत २४ च्या सरासरीने पॉइंट करणारा बॉश २०१२-१३ मध्ये १६.६ वर आला होता. २०१२ आणि २०१३, दोन्ही वर्षं विजेतेपद.

तर माझं मत असं. स्टार एकत्र जमतात. पण त्याची किंमत असते आणि ती सगळ्यांकडून सारखी घेतली जात नाही. विल्टने आकडे सोडले, त्याला विजेतेपद आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. बॉशने आकडे सोडले, त्याला दोन अंगठ्या. बेलरच्या काळात लेकर्स आठ फायनलला गेले आणि आठही हरले. तेरा वर्षं ज्या टीमला त्याने उभं ठेवलं, ती त्याच्या जाण्यानंतर काही महिन्यांत जिंकली. २०१८ मध्ये लेकर्सच्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. जिंकलेल्या टीमच्या फोटोत मात्र तो नाही.

पुढच्या वेळी कोणी "कागदावर काय टीम आहे!" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: यातला कोण स्वतःची जागा सोडणार आहे? आणि त्याला ते सांगणार कोण?

भेटू पुढच्या भागात.